सायकलचा चिमटा घरच्या घरी बदलताना

एलूल महिना लागला की आमच्या इमारतीच्या जिन्याखाली वर्षभर धूळ खात पडलेल्या सायकली एकेक करून बाहेर निघू लागतात. योम किप्पूरला मोटारी थांबल्या की मोकळ्या रस्त्यांवर मुलांचे राज्य सुरू होते. आपल्या वाडवडिलांनी या दिवसाला दारफाळणीचा सण म्हटले. दारे लावून, पांढरे कपडे घालून ती माणसे घरात नाहीतर मशिदीत दिवस काढीत. इकडे आमचेही दार बंदच असते, पण खालून सायकलींच्या घंट्या ऐकू येतात. हे बरे की वाईट, याविषयी ज्याचे त्याचे मत असेल. त्यात आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जी सायकल वर्षभर उभी होती आणि जिच्यावर बसून नातू उद्या उतारावरून सुटणार आहे, तिचा पुढचा भाग कोणीतरी आधी हलवून पाहिलेला असावा.

हे लिहिण्याचे कारण आमच्याच घरात घडले. नातवाने सायकल फुटपाथच्या कडेवर घातली. चाक वाचले, पण चिमटा मागे वाकला. दुकानात नेली तेव्हा सांगण्यात आले, जुनी आहे, नवीच घ्या. सायकल मूळची आमच्या मुलाची, लोखंडी, २६ इंची चाकाची. तिची फ्रेम उत्तम होती आणि ती टाकून देण्याचे आमच्या जिवावर आले. आम्ही दोघेही सत्तरी ओलांडलेली माणसे; पण हे काम आम्ही मिरपेसेतमध्ये बसून तीन दिवसांत केले, आणि त्यात एक चूकही केली. ती चूक पुढे सांगूच. काम अवघड नाही. मात्र त्यात अर्धवटपणा चालत नाही. घंटी वाजली नाही तर कोणी पडत नाही, साखळी उतरली तर माणूस फार तर पायी घरी येतो. चिमटा तुटला किंवा हँडल निखळले तर स्वार पुढच्या पुढे तोंडावर आपटतो, आणि हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही.

आधी नावे पाहू. पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेले असते तो चिमटा. हे दोन पाय वर जिथे एकत्र येतात त्याला आम्ही येथे खांदा म्हणू, आणि खांद्यातून वर निघून फ्रेमच्या पुढल्या नळीत शिरणाऱ्या दांड्याला मान म्हणू. ही मान पोकळ असते आणि तिच्यातच वरून हँडलचा दांडा उतरतो. फ्रेमच्या नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी एकेक वाटी ठोकून बसवलेली असते. वाटीत छर्रे असतात आणि छर्‍यांवर टेकणारा कोन असतो. खालचा कोन चिमट्याच्या खांद्यावर घट्ट बसवलेला असतो. वरचा भाग मानेच्या आट्यांवर फिरवून बसवतात आणि त्यावर वॉशर व लॉक नट येतो. वाट्या, कोन, छर्रे आणि नट मिळून एक संच होतो आणि तो बाजारात एकत्र मिळतो. आपल्याकडे याला कोणी हँडल कप म्हणत, कोणी फोर्क फिटिंग. येथे दुकानात जाल तर चिमट्याला मझलेग म्हणतात, म्हणजे जेवणाचा काटा. हँडल म्हणजे कीदोन, म्हणजे भाला. आपण स्वयंपाकघरातला चिमटा घेतला, हिब्रूने जेवणाच्या टेबलावरचा काटा घेतला, वस्तू तीच. बेअरिंगला मेसाव, नटला ओम आणि स्क्रूला बोरेग म्हणावे. एवढे शब्द आले तर दुकानदार आजोबांची थट्टा करीत नाही.

या वाट्या खराब का होतात हे समजून घेतले की पुढचे सारे सोपे जाते. चाकातले छर्रे गोल गोल फिरतात, म्हणून त्यांची झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. हँडलमधले छर्रे मात्र फिरतच नाहीत. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे प्रत्येक छर्रा वर्षानुवर्षे त्याच जागेवर बसलेला असतो, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच जागेवर बारीक घाव घालतो. ग्रीस तेथून सरकून जाते आणि धातूवर धातू घासत राहतो. खालच्या वाटीवर भार जास्त, म्हणून ती आधी जाते. शेवटी कोनावर आणि वाटीत छर्‍यांच्या आकाराचे खळगे पडतात. मग हँडल अगदी सरळ असताना ‘टक्’ करून जागेवर बसते आणि तेथून हलवायला थोडा जोर लागतो. अशी सायकल सरळ चालवणेच कठीण. सायकलवर तोल सांभाळताना आपण नकळत हँडल सतत थोडे डावीउजवीकडे करीत असतो, आणि तेच येथे अडते.

तपासणी अशी करावी. पुढचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्या हाताची बोटे खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवावीत आणि सायकल पुढेमागे ढकलावी. सांध्यात हालचाल जाणवली तर संच सैल आहे. नुसता सैल असेल तर आवळून भागते. नंतर पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल अगदी सावकाश फिरवावे. मध्ये खळगा लागला तर वाट्या गेल्या. त्या आवळून सुधारत नाहीत, उलट आणखी बिघडतात. मग सायकल भिंतीला टेकवून चार पावले मागे जावे आणि बाजूने पाहावे. चिमट्याचे पाय वरच्या भागात फ्रेमच्या पुढल्या नळीच्या सरळ रेषेत असावेत आणि खाली हळूच पुढे वळलेले असावेत. आमच्या सायकलचे पाय खांद्यापासूनच मागे झुकलेले दिसत होते. चाक फ्रेमच्या तिरक्या नळीपासून जेमतेम दोन बोटे राहिले होते.

समोरून पाहताना चाक एका पायाकडे सरकलेले दिसले तर लगेच चिमट्याला दोष देऊ नये. चाक काढून उलट बाजूने बसवावे. ते आता दुसऱ्या पायाकडे सरकले तर दोष चाकाचा. त्याच पायाकडे राहिले तर दोष चिमट्याचा.

आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. फ्रेमच्या दोन नळ्या पुढल्या नळीला जिथे जोडलेल्या असतात, त्या जोडाच्या मागे साधारण चार बोटांवर, विशेषतः खालच्या अंगाला, बोट फिरवून पाहावे. रंगाला सुरकुती पडली असेल, भेग दिसत असेल किंवा नळी फुगलेली लागत असेल, तर फ्रेमच वाकली आहे. मग नवा चिमटा घालण्यात अर्थ नाही. त्या वेळी दुकानदाराचे म्हणणे खरे असते आणि ते ऐकावे.

वाकलेला चिमटा सरळ करता येत नाही का, असे आमच्या एका स्नेह्याने विचारले. आपल्या लहानपणी गावातला सायकलवाला मानेत पाइप घालून, पायाने दाबून चिमटा सरळ करीत असे, हे आम्हीही पाहिले आहे. लोखंड तेव्हा जाड होते आणि रस्त्यावर बैलगाडीशिवाय फारसे काही नसे. एकदा वाकून सरळ केलेले लोखंड त्या जागी कमकुवत होते, आणि अ‍ॅल्युमिनियम तर न सांगता तुटते. आम्ही सरळ करण्याच्या भानगडीत पडलो नाही. तुम्हीही पडू नका.

आता मापे. निम्मे काम घरी नसून दुकानाच्या काउंटरवर होते. चुकीच्या मापाचा चिमटा आणला की पुढचे सगळे कष्ट वाया. यावर आमचा उपाय सोपा आहे: आधी सायकल पूर्ण उघडावी, जुना चिमटा आणि जुना संच पिशवीत घालून दुकानात न्यावा, आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून ताडून पाहावा. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवलेली व्हर्निअर पट्टी आम्ही बरोबर नेली होती. तिचा उपयोग इतक्या वर्षांनी झाला.

मानेची जाडी बाहेरून मोजावी. जुन्या सायकलींना ती १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असते. बऱ्याच नव्या सायकलींना ती १ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर असते. एक इंची मानेवर सामान्यतः एका इंचात २४ आटे असतात, परंतु जुन्या रॅले सायकलींवर २६ असत. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. नवा नट हातानेच फिरवून पाहावा. दोनतीन फेऱ्यांनंतर अडला तर पान्हा लावून जबरदस्ती करू नये, तो त्या मानेचा नटच नव्हे. खांद्यावर जिथे कोन बसतो त्या जागेची जाडी २६.४ मिलिमीटर असते किंवा २७.०. सहा दशांश मिलिमीटरचा हा फरक फार फसवा आहे: २७चा कोन २६.४च्या खांद्यावर सैल बसतो, आणि २६.४चा कोन २७वर ठोकू गेले तर तडकतो. फ्रेममध्ये ठोकायच्या वाट्यांचेही असेच, ३०.२ आणि ३०.० अशी दोन मापे भेटतात. म्हणून संच घेताना जुन्या वाट्याही मोजाव्यात.

मानेची लांबी आणि तिच्यावर आटे किती खालपर्यंत आहेत हेही पाहावे. आटे पाडलेली नळी तेवढ्या भागात पातळ असते. हँडलच्या दांड्याच्या तळाशी असलेली पाचर आट्यांच्या खाली, जाड नळीत घट्ट झाली पाहिजे. पाचर आट्यांच्या भागात फुगली तर नळी तेथेच तडकते. त्यामुळे थोडे जास्त आटे मिळाले म्हणून खूश होऊ नये.

राहता राहिले ब्रेक आणि चाक. जुन्या चिमट्याच्या खांद्यात ब्रेकसाठी भोक होते की पायांवर ब्रेकचे खुंट होते, त्याप्रमाणेच नवा घ्यावा. चाकाच्या एक्सलपासून खांद्यापर्यंतची उंचीही जुन्याइतकीच असावी. नातवाला स्प्रिंगचा चिमटा हवा होता. त्याचे पाय लांब असतात, सायकल पुढून उचलली जाते आणि वळण्याची रीतच बदलते. आम्ही नाही म्हटले. तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

हत्यारे घरात बहुतेक असतात: षटकोनी पाने, एक मोठा चपटा पान्हा (एक इंची संचाच्या लॉक नटला बहुधा ३२ मिलिमीटरचा लागतो), हातोडी, लाकडाचा ठोकळा, लांब स्क्रूड्रायव्हर किंवा गज, जुनी फडकी, ग्रीसचा डबा, धुण्यासाठी थोडे रॉकेल, ज्याला येथे नेफ्त म्हणतात, आणि एक परात. परात विसरू नये. आमच्या घरात तिच्यावरून थोडा वाद झाला, पण जुनी, कडा दुमडलेली परात शेवटी मिळाली.

पुढचे चाक काढून बाजूला ठेवावे. ब्रेकची तार सोडावी, मडगार्ड आणि दिवा उतरवावा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा. दोन दिवसांनी कोणता वॉशर कोणत्या नटाखाली होता हे आपल्या वयात आठवत नाही, आणि तरुणांनाही आठवत नाही, ते फक्त कबूल करत नाहीत.

हँडलच्या दांड्यावर वर एक बोल्ट असतो. तो पूर्ण काढायचा नाही. तीनचार फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एक नेमका ठोका द्यायचा. खालची पाचर सुटते आणि हँडल डावीउजवीकडे फिरवत वर निघते. न निघाले तर सांध्यात गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे. अश्दोदला राहणाऱ्यांना हे बहुधा करावेच लागेल. समुद्राच्या हवेने अलिबागला जे दारांच्या बिजागऱ्यांचे होत असे तेच तिथे सायकलींचे होते. दिमोना आणि येरुहामकडे गंज कमी, पण ग्रीसमध्ये वाळू कालवलेली सापडते. दोन रात्री तेल घालूनही दांडा हलत नसेल तर शेगडी, दिवा असले प्रयोग घरी करू नयेत. दुकानात द्यावी.

यानंतर चार हात लागतात. एकाने खालून चिमटा फ्रेमकडे दाबून धरावा, दुसऱ्याने लॉक नट काढावा, वॉशर काढावा आणि मग वरचा आट्यांचा भाग हळूहळू फिरवून सोडवावा. खाली परात असावी. धरणाऱ्याने हात सोडला की चिमटा खाली येतो आणि त्याबरोबर छर्रे सांडतात. ते साधारण ४ मिलिमीटरचे असतात आणि फरशीवर पळू लागले की कपाटाखाली जाऊन बसतात. आमचे दोन छर्रे पेसाहच्या साफसफाईत सापडले. वरच्या वाटीतले आणि खालच्या वाटीतले छर्रे वेगळ्या बश्यांत ठेवून मोजून लिहून ठेवावेत. नव्या संचात नवे येतात, तरी संख्या पडताळायला उपयोग होतो.

फ्रेममधल्या वाट्या काढण्यासाठी गज वरून आत घालून त्याचे टोक खालच्या वाटीच्या आतल्या कडेवर टेकवावे आणि हलके ठोके द्यावेत. एकाच जागी ठोकत राहू नये. एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे, एक पुढे, एक मागे, असे फिरत राहिले की वाटी सरळ उतरते. तिरकी झाली तर फ्रेमच्या नळीचे तोंड फाकते आणि नवी वाटी कधीच घट्ट बसत नाही. मग फ्रेम उलटी करून तसेच वरच्या वाटीचे करावे. जुन्या चिमट्यावरचा कोन बोथट छिन्नीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकून वर उचलावा. तो फेकू नये, आत्ताच उपयोगी पडणार आहे. फ्रेमची नळी आतून रॉकेलच्या फडक्याने पुसावी. आमच्या नळीतून निघालेली काळी चिखलासारखी ग्रीस पाहून घरात कोणी विश्वास ठेवीना की ती एकेकाळी पिवळी होती.

नवा कोन चिमट्याच्या खांद्यावर बसवताना सरळ त्याच्यावर हातोडी मारली तर छर्‍यांचा मार्ग खराब होतो. जुना कोन उलटा करून नव्यावर ठेवावा आणि मानेवरून सहज उतरेल अशी लोखंडी नळी त्यावर ठेवून ठोकावे. एक इंची पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा या कामाला चालतो. चिमट्याचे पाय जमिनीवर टेकवून ठोकू नये; खांद्याखाली लाकूड द्यावे. ठोक्याचा आवाज बदलून टणक झाला की कोन तळाला बसला. खांदा आणि कोन यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये.

वाट्या ठोकून बसवतात ते आम्हाला पसंत नाही. आम्ही बाजारातून बोटाएवढ्या जाडीचा, फूटभर लांबीचा आट्यांचा गज, दोन नट आणि दोन मोठे जाड वॉशर आणले. गज फ्रेमच्या नळीतून आरपार घातला, वाटीला बाहेरून ग्रीसचा पातळ हात दिला, वॉशर तिच्या कडेवर सपाट ठेवला आणि नट आवळत गेलो. वाटी सावकाश, सरळ आत जाते. एका वेळी एकच वाटी बसवावी. दोन्ही एकदम ओढायला गेले की एक तिरकी होते. तिरकी होतेय असे वाटले तर थांबून, काढून पुन्हा सुरुवात करावी.

आता ग्रीस. काटकसर करू नये. वाटी ग्रीसने भरावी आणि छर्रे त्यात बोटाने बसवत जावे. ग्रीस त्यांना चिकटवून धरते. सुटे छर्रे असतील तर वाटी पूर्ण भरून एका छर्‍याएवढी जागा मोकळी ठेवावी, कारण ठासून भरले तर ते एकमेकांना घासतात. छर्रे पिंजऱ्यात असतील तर ज्या बाजूने ते मोकळे दिसतात ती बाजू कोनाकडे आणि पिंजऱ्याची सलग कडी वाटीकडे. उलटे बसले तर कडी कोनावर खरखरते आणि हँडल नीट फिरत नाही. पहिल्यांदा आमचे तसेच झाले होते. ज्यांना सबंध संच आणायचा नाही आणि खळगे फार खोल नाहीत, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती: पिंजरा काढून टाकावा आणि त्याच मापाचे सुटे छर्रे भरावे. सुटे जास्त मावतात, म्हणून ते जुन्या खळग्यांशी जुळत नाहीत आणि ‘टक्’ बराच काळ जातो. पण हे वाट्यांपुरते. वाकलेल्या चिमट्याला कोणतीही युक्ती नाही.

खालची वाटी भरून चिमटा आत घालावा, एकाने धरून ठेवावा, दुसऱ्याने वरचे छर्रे भरून आट्यांचा भाग हाताने फिरवत खाली न्यावा. मान जास्त लांब असेल तर येथे कळते: लॉक नट पुरता बसण्याआधीच मानेचे टोक त्याला आतून टेकते. तसे झाले तर जास्तीची मान करवतीने कापावी. कापण्याआधी मानेवर एक जुना नट चढवून ठेवावा, काप घेऊन कड कानशीने गोल करावी आणि मग तो नट उलटा फिरवून काढावा. बिघडलेले आटे त्याने आपोआप सरळ होतात. कापताना दोनदा मोजावे. मोठे राहिले तर पुन्हा कापता येते.

यानंतरचे काम कानाचे आणि हाताचे आहे. वरचा भाग हाताने टेकेपर्यंत फिरवावा, मग किंचित, फेऱ्याच्या आठव्या भागाइतका, मागे घ्यावा. वॉशर घालून लॉक नट आवळावा. नट आवळताना खालच्या भागाला दाबतो आणि माप बदलते, म्हणून पहिल्याच वेळी जमत नाही. चाक बसवून सुरुवातीच्या दोन्ही परीक्षा पुन्हा कराव्यात. ब्रेक दाबून ढकलल्यावर सांधा हलू नये, आणि चाक उचलून सायकल किंचित कलती केली तर हँडल आपल्या वजनाने बाजूला पडावे. या दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत आम्ही पाच वेळा नट सोडला आणि पाच वेळा आवळला. मध्ये एकदा चहा झाला.

आता आमची चूक. हँडलचा दांडा बसवताना त्यावरील खूण, जिच्या वर तो बाहेर काढू नये, ती मानेत पूर्ण लपली आहे हे आम्ही पाहिले. दांड्याला ग्रीस लावली, कारण अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लोखंडी मानेत कोरडा घातला तर पुढे निघत नाही. बोल्ट आवळला. पण आटे मोडतील या भीतीने तो कमी आवळला गेला, आणि पारख न करताच सायकल नातवाच्या हाती दिली. अंगणातच त्याने वळण घेतले. हँडल वळले, चाक सरळ गेले आणि तो कण्हेरीच्या झुडपात शिरला. गुडघा खरचटला, दुसरे काही झाले नाही. तो हसत होता. आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांकडे न पाहता उभे होतो. खाली रस्ता होता, आणि त्या दिवशी मोटारी चालू होत्या.

तेव्हापासून आमचा नियम असा: सायकल कोणालाही देण्याआधी समोर उभे राहून पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायचे आणि हँडल दोन्ही हातांनी चांगला जोर लावून फिरवायचे. फिरले तर बोल्ट आणखी आवळायचा. मग हँडलवर वजन टाकून खाली दाबून पाहायचे. चाकाच्या एक्सलचे टोक दोन्ही पायांच्या खाचांत तळापर्यंत बसले आहे हे पाहायचे, चाक उचलून वरून हाताने थोपटायचे, ब्रेकची तार ओढून पाहायची. मग आपण स्वतः सायकल ढकलत अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. चालवता आली तर फारच उत्तम. आम्हाला आता येत नाही.

ज्यांच्या नातवंडांच्या सायकली नव्या आहेत त्यांच्याकडे वर आट्यांचा नट दिसणार नाही. त्यात मान वरपर्यंत गुळगुळीत असते, हँडलचा सांधा तिला बाहेरून चिमटीत धरतो आणि वर एक छोटे झाकण व बोल्ट असतो. पुष्कळांना वाटते की त्या वरच्या बोल्टने हँडल धरलेले आहे. तसे नाही. तो बोल्ट फक्त छर्‍यांवरचा दाब ठरवतो. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. म्हणून सैलपणा काढायचा असेल तर आधी बाजूचे दोन्ही सोडावेत, मग वरचा थोडा थोडा आवळून खेळ घालवावा, हँडल चाकाशी सरळ करावे, आणि शेवटी बाजूचे आळीपाळीने आवळावेत. बाजूचे न सोडता वरचा कितीही आवळला तरी काही उपयोग होत नाही. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि घरी अवश्य करावे. मात्र अशा सायकलीत चिमटाच बदलायचा झाल्यास मान कापण्याचे माप चुकले तर दुरुस्तीला जागा नाही, तेव्हा ते दुकानात करून घ्यावे. कार्बनचा चिमटा आणि विजेची सायकल यांना घरी हात लावू नये. विजेची सायकल जड असते, ताशी २५ किलोमीटरने धावते, आणि तिच्या चिमट्यावर येणारा भार आपल्या अंदाजात बसत नाही.

काम सणाच्या आदल्या दिवशी काढू नये. निदान आठ दिवस आधी करावे, म्हणजे नवे छर्रे आपापल्या जागी बसतात, सांधा किंचित सैल होतो, आणि तो पुन्हा एकदा आवळायला वेळ मिळतो. हा दुसरा आवळा सगळे विसरतात. आम्ही तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

जुना चिमटा कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्याचा एक पाय करवतीने कापून टाकावा. रंग चांगला दिसतो म्हणून कोणीतरी उचलतो आणि दुसऱ्या मुलाच्या सायकलला लावतो.